गणेशोत्सवाच्या देखाव्यासाठी मदत हवी: नाझी ताब्यातला चेक देश, चोरून ऐकलेला रेडिओ आणि अफवा

खाडीकाठ_ऐरोली यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या आमच्या मंडळाने यंदा देखाव्याचा विषय ‘अफवा’ असा घेतला आहे. व्हॉट्सॲपवरच्या अफवांचे देखावे ठाण्यात आणि नवी मुंबईत बरेच झालेत, म्हणून आम्ही थोडं मागे जायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात गेलेला चेक देश, तिथे रात्री कान लावून ऐकलेलं लंडन आणि सकाळी दूध-पावाच्या रांगेत फिरणारी कुजबूज. जागा साधारण १४ बाय १० फूट, कार्यक्रम आठ मिनिटांचा. मधोमध जुन्या धर्तीचा रेडिओ, मागे स्वयंपाकघराची भिंत, बाजूला माहितीचे सहा फलक.

फलकांचा मजकूर तिघांनी मिळून लिहिलाय, पण छपाईला टाकायची हिंमत होत नाही. विषयच अफवांचा आणि आमच्याच फलकावर अफवा छापली गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून ही वाक्यं जाणकारांपुढे ठेवतो:

एक, ‘परदेशी रेडिओ ऐकला की थेट फाशी.’ दोन, ‘जर्मनांनी घरोघरचे रेडिओ जप्त केले.’ तीन, ‘लोकांनी चर्चिल नावाचं छोटं यंत्र बनवलं आणि त्यावरून लंडनशी संपर्क साधला.’ चार, ‘लंडन रेडिओ सांगे ते सत्य, बाकी साऱ्या अफवा.’

यातलं काय खरं, काय अर्धवट? ते ‘चर्चिल’ यंत्र नक्की कसं होतं, ते चालतं दाखवता येईल का? आणि खऱ्या अफवा कोणत्या होत्या? नावं, सालं, आकडे असतील तेवढे द्या. उगाच रंगवून सांगितलेलं नको.

---

तहनामा यांचं उत्तर

तुमची चारही वाक्यं बदलावी लागतील. मी कायद्यापुरतं आणि रेडिओंच्या जप्तीपुरतं सांगतो, यंत्राचं इथले रेडिओवाले सांगतील.

आधी काळ पक्का करा. जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं १५ मार्च १९३९ ला आणि दुसऱ्या दिवशी ‘बोहेमिया आणि मोराव्हियाचं संरक्षित राज्य’ जाहीर झालं. म्हणजे महायुद्ध सुरू व्हायच्या साडेपाच महिने आधीच हा देश ताब्यात गेला होता. फलकावर ‘महायुद्धात जिंकला’ लिहू नका. स्लोव्हाकिया तेव्हा वेगळं राज्य झालं होतं, त्यामुळे ‘चेकोस्लोव्हाकिया’ हे नावही या काळाला सरसकट लावू नये.

आता फाशीचं. जर्मन फर्मान १ सप्टेंबर १९३९ चं, आणि त्यात दोन वेगळे गुन्हे आहेत. मुद्दाम परदेशी केंद्र ऐकणं हा पहिला, त्याला सक्तमजुरीचा तुरुंगवास, किरकोळ प्रकरणात साधी कैद. ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं, तेही देशाचा प्रतिकार खच्ची होईल असं, हा दुसरा. त्याला सक्तमजुरी आणि गंभीर प्रकरणात मृत्युदंड. हे फर्मान संरक्षित राज्यातही लागू होतं आणि खटले प्राग आणि ब्रनो इथल्या जर्मन विशेष न्यायालयांपुढे चालत. ऐकण्यापेक्षा सांगणं जास्त महाग होतं. तुमच्या देखाव्याचा कणा इथेच आहे असं मला वाटतं, कारण याच एका कलमाने बातमीची अफवा कशी होते ते उलगडतं. ज्याने स्वतः ऐकलं तो ‘मी लंडनवर ऐकलं’ असं म्हणूच शकत नव्हता. तो म्हणणार, ‘कुणीतरी म्हणत होतं.’ बातमीचा उगम पहिल्या तोंडातच पुसला जायचा.

चेक भाषेत याला तयार वाक्प्रचारच आहे: ‘येद्ना पानी पोविदाला’, म्हणजे ‘एक बाई सांगत होत्या’. आपल्याकडे जसं ‘कुठूनतरी कानावर आलं’. कुजबुजीच्या प्रचाराला त्यांचा शब्द ‘शेप्तांदा’. हे दोन शब्द फलकावर देवनागरीत मोठ्या अक्षरात घ्याच.

जप्तीबद्दल: पोलंडमध्ये पोलिश लोकांचे रेडिओ १९३९ अखेरीसच काढून घेतले, नॉर्वेत १९४१ मध्ये, हॉलंडमध्ये १९४३ मध्ये. चेक देशात सरसकट जप्ती झाली नाही. ज्यू कुटुंबांचे रेडिओ मात्र सप्टेंबर १९३९ मध्येच काढून घेतले, ही ओळ गाळू नका. बाकीच्यांकडे रेडिओ का ठेवले? कारण राज्यकर्त्यांना स्वतःचं बोलणं घराघरात पोचवायचं होतं. हा देश त्यांच्यासाठी शस्त्रांचा कारखाना होता, कामगार कामावर टिकायला हवे होते आणि त्यांच्या कानाशी रोज बोलायला रेडिओइतकं स्वस्त साधन दुसरं नव्हतं. युद्धाआधीच चेकोस्लोव्हाकियात रेडिओचे परवाने दहा लाखांवर गेले होते. एवढी तयार बैठक कोण मोडेल?

म्हणून त्यांनी मधली वाट काढली. प्रत्येक रेडिओच्या खुंटीला पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवायची सक्ती झाली. तिचा आशय असा: लक्षात ठेवा, परदेशी प्रसारण ऐकायला मनाई आहे, त्याला सक्तमजुरी किंवा मृत्यूचीही शिक्षा होते. मजकूर जर्मन आणि चेक, दोन्ही भाषांत. बघा, चिठ्ठीवर दोन गुन्ह्यांतला फरक पुसून टाकलाय आणि मृत्यू थेट ‘ऐकणं’ या शब्दाला जोडलाय. तुमचं पहिलं वाक्य त्या चिठ्ठीतूनच उतरलेलं आहे. म्हणजे धाक बसवण्यासाठी केलेली गोष्ट ऐंशी वर्षांनी वस्तुस्थिती म्हणून आपल्यापर्यंत आली.

चिठ्ठी पुरेना, तेव्हा १९४२ सरता सरता आणि १९४३ मध्ये दुसरा हुकूम आला. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्यातला लघुलहरींचा (शॉर्टवेव्हचा) भाग काढून घ्यायचा. प्राग मध्यमलहरींवर ऐकू येत राहील, लंडन येणार नाही, असा हिशेब. तुमच्या ‘चर्चिल’ची जन्मकथा इथे सुरू होते.

---

वेटोळं यांचं उत्तर

‘चर्चिल’ नव्हे, चेक लोक म्हणायचे ‘चेर्चिल्का’. चर्चिलच्या नावाला लाडाचा, स्त्रीलिंगी प्रत्यय. आणि ते यंत्र नव्हतंच. तारेचं एक वेटोळं, फार तर जोडीला एखादा कंडेन्सर, काड्यापेटीत मावेल एवढं. त्यावरून लंडनशी बोलता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं. ‘संपर्क साधला’ हे काढूनच टाका. संदेश पाठवणारे गुप्त ट्रान्समीटर वेगळे, त्यातले काही हवाईछत्रीने उतरलेल्या प्रशिक्षित लोकांकडे होते. पार्दुबित्से भागातला ‘लिबुशे’ त्यातला एक.

आता ते चालायचं कसं. मध्यमलहरींच्या रेडिओत ट्यूनिंगचं वेटोळं साधारण २०० मायक्रोहेन्रीचं असतं आणि गँग कंडेन्सर (खुंटीने फिरणारा, स्टेशन बदलणारा भाग) पूर्ण मिटलेला असताना ५०० पिकोफॅरडचा. दोघं मिळून ५०० किलोहर्ट्झच्या आसपास बसतात. लघुलहरींचा ४९ मीटरचा पट्टा ऐकायचा तर ६ मेगाहर्ट्झवर जायला हवं, म्हणजे बारापट वर. गँग तोच ठेवायचा तर वेटोळं बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटीने लहान हवं. दुरुस्तीवाल्याने लघुलहरींची वेटोळी उपटली, पण गँग, वॉल्व्ह, स्पीकर सगळं जागेवर होतं. फक्त १.४ मायक्रोहेन्रीची उणीव. मध्यमलहरींच्या वेटोळ्याला हे छोटं समांतर जोडलं की मोठ्याचा प्रभाव जवळजवळ संपतो आणि रेडिओ पुन्हा लंडन ऐकतो. तारेचे सात वेढे, बास. म्हणूनच ज्याला थोडीफार सोल्डरिंगची जाण आहे असा कुणीही ते घरी करू शकत होता आणि म्हणूनच हुकूम फसला.

देखाव्यासाठी गुंडाळायचं असेल तर हे माप घ्या, मी हिशेब करून देतोय. इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्यूट पाइप, त्याचा ४ सेंटिमीटरचा तुकडा. मोटर वाइंडिंगवाल्याकडून २२ गेजची एनॅमल तार, ती ग्रॅमवर मिळते, तुम्हाला जेमतेम पाऊण मीटर लागेल. सात वेढे, एकमेकांना न चिकटता, १० मिलिमीटर लांबीत पसरलेले. टोकं ३ सेंटिमीटरपेक्षा लांब सोडू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं: २० सेंटिमीटरची लोंबती तार स्वतःच ०.२ मायक्रोहेन्री वाढवते आणि सगळे पट्टे खाली सरकतात. टोकांवरचा एनॅमल ब्लेडने खरवडून मगच सोल्डर करा, नाहीतर वरून जोडलेलं दिसतं आणि आत संपर्कच नसतो. वेढे दोऱ्याने बांधून वर वॉर्निशचा एक हात द्या. तुमचा मंडप खाडीलगत, भाद्रपदात हवा ओली, नुसता पुठ्ठ्याचा नळा दोन दिवसांत फुगेल आणि वेढे सैल पडतील. मूळ वस्तूत पुठ्ठा चालत असे, दिसायला हवा असेल तर पाइपवर तपकिरी पुठ्ठा गुंडाळा.

पडताळणी सोपी: त्याला ४७० पिकोफॅरडचा कंडेन्सर समांतर लावा, नॅनोव्हीएनए (सर्किट कुठल्या लहरीवर बसतं ते दाखवणारं छोटं उपकरण) असलेल्या एखाद्या हॅमकडे, म्हणजे हौशी रेडिओवाल्याकडे न्या. ६.२ मेगाहर्ट्झच्या जवळ खळगा दिसला की बरोबर. वर गेला तर वेढे जरा जवळ सरकवा, खाली आला तर पसरवा.

ऐकणाऱ्याच्या बोटांखाली काय होत असेल तेही दाखवा. मध्यमलहरींवर खुंटीच्या अर्ध्या फेऱ्यात साधारण ११०० किलोहर्ट्झ मावतात. चेर्चिल्का लावली की त्याच अर्ध्या फेऱ्यात ६ पासून १९ मेगाहर्ट्झ, म्हणजे १३ हजार किलोहर्ट्झ कोंबले जातात. ४९, ४१, ३१, २५ मीटरचे पट्टे काट्याच्या केसाएवढ्या हालचालीत येऊन जातात. त्यातून डायलवर छापलेली नावं मध्यमलहरींची, लंडन कुठे ते काहीच सांगणारी नाहीत. श्वास रोखून, बोटाच्या नखाने खुंटी ढकलावी लागे. वर फेडिंग: लघुलहरी आकाशातून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे आवाज भरतो आणि ओसरतो, आणि नेमका शहराचं नाव किंवा आकडा येतो तेव्हाच बुडतो. त्यावर जर्मन रुशिच्का, म्हणजे प्रसारण बिघडवणारे ट्रान्समीटर, सतत भोंगा मारत. मध्यमलहरींवर चौकटी अँटेना फिरवून भोंगा थोडा दाबता येतो, कारण तो एका दिशेने येतो. लघुलहरींवर त्याचा फारसा उपयोग नाही.

काय ऐकू येत असेल? वाक्याचं पहिलं टोक, भोंगा, एक आकडा, शांतता, शेवटचं क्रियापद. मधलं ऐकणाऱ्याने भरायचं. आठ मिनिटांतली एक पूर्ण मिनीट यावर खर्च करा.

एक बारकावा: रेडिओ सुपरहेटेरोडाइन (आलेली लहर आतल्या ऑसिलेटरच्या मदतीने आधी बदलून घेणारा) असेल तर एका वेटोळ्याने भागत नाही, ऑसिलेटरचं वेटोळंही बदलावं लागतं. त्यामुळे साध्या एका सर्किटच्या रेडिओत चेर्चिल्का बसवणं सोपं, सुपरमध्ये जोडणी जास्त.

---

खाडीकाठ_ऐरोली

फार उपयोगी, दोघांचेही आभार. वेटोळं दादा, आमच्या एका सभासदाच्या माळ्यावर जुना वॉल्व्हचा रेडिओ आहे. त्यातच हे वेटोळं लावून लोकांसमोर खरंच लघुलहरी पकडून दाखवल्या तर? लहान मुलांनाही खुंटी फिरवू द्यायचा विचार आहे.

---

वेटोळं

नको. कळकळीने सांगतो, नको. वॉल्व्हच्या रेडिओत आत दोन-अडीचशे व्होल्टचं डीसी असतं आणि रेडिओ बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. बरेच जुने रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवायचे, एसी-डीसी दोन्हीवर चालणारे. त्यांचं लोखंडी चासीच थेट मेन्सला जोडलेलं असतं. पिन उलटी घातली की चासी जिवंत. खुंटीचं बेकलाइट निखळलेलं असेल तर ओल्या हाताचं मूल थेट त्या दांड्याला लागेल. आणि मंडपातल्या एलईडी माळांच्या ड्रायव्हरमधून निघणारा गोंगाट एवढा असतो की लघुलहरींवर काही ऐकूही येणार नाही.

त्याऐवजी माळ्यावरच्या रेडिओचं नुसतं खोकं घ्या, आतलं सगळं काढून. आत अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (कार्डवरचा आवाज वाजवणारा तुकडा) आणि ३ वॅटचा स्पीकर, सगळं ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर. चेर्चिल्काला दोन बनाना पिना लावा, खोक्याच्या मागे दोन सॉकेट. वेटोळं घातलं की त्याची तार दोन सॉकेट जोडते, नॅनोची इनपुट पिन ग्राउंड होते आणि आधी वाजत असलेलं लष्करी बँडचं संगीत तुटून भोंग्यासकट लंडन सुरू होतं. सॉकेट थेट डीएफप्लेअरच्या बटणाच्या पिनला जोडायचा मोह होईल, तो टाळा. ती पिन दाबून धरली की पुढचं गाणं लागत नाही, आवाज वाढत जातो, आणि वेटोळं तर घातलेलंच राहणार. नॅनो आणि प्लेअर यांच्यातल्या आरएक्स तारेत १ किलोओहमचा रोध घाला, नाहीतर स्पीकरमध्ये टिकटिक येते. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं हवं.

खुंटीला १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर लावून त्याच्या मधल्या अगदी बारीक भागातच लंडन स्पष्ट ठेवा, बाकी सगळीकडे भोंगा. अंदाजे तीन अंशांची जागा पुरे. मुलांना खुंटी फिरवू द्या, लंडन किती अवघड होतं ते त्यांच्या बोटांना आपोआप कळेल. आणि शेवटी खुंटी परत प्रागवर आणायला लावा. डायलवर ४७० मीटर, ६३८ किलोहर्ट्झ. काटा लंडनच्या जागी सोडून झोपणं म्हणजे पुरावा टेबलावर ठेवण्यासारखंच.

---

जिभेवरचं_मीठ यांचं उत्तर

अफवांचं मी सांगते. चौथं वाक्य, ‘लंडन सांगे ते सत्य’, हे सर्वांत धोक्याचं आहे.

लंडनहून चेक भाषेतलं प्रसारण सुरू झालं ८ सप्टेंबर १९३९ ला, त्या दिवशी यान मासारिक बोलले, पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव आणि पुढचे परराष्ट्रमंत्री. सुरुवातीची हाक ‘व्होला लाँदीन’, लंडन बोलावतंय. लंडनमधल्या चेकोस्लोव्हाक निर्वासित सरकारचा स्वतःचा कार्यक्रम वेगळा होता, ‘मुक्त प्रजासत्ताकाचा आवाज’. प्रोकोप द्रतिना हे राजकारणी ‘पावेल स्वाती’ या टोपणनावाने बोलत, घरच्यांवर सूड उगवला जाऊ नये म्हणून नाव झाकावं लागे. बीबीसीने बातमीतली विश्वासार्हता जपायचा आग्रह धरला होता, पराभवही सांगितले, आणि त्यानेच लोक चिकटून राहिले. पण ते युद्धातलं एका बाजूचं केंद्र होतं. काय सांगायचं, कधी सांगायचं, काय दाबायचं हे राजकारणाने ठरे. फलकावर ‘विश्वासार्ह’ लिहा, ‘सत्य’ लिहू नका.

शिवाय ब्रिटिशांचं दुसरं तोंडही होतं. १९४१ मध्ये स्थापन झालेलं त्यांचं राजकीय युद्ध खातं मुद्दाम अफवा तयार करून युरोपात सोडत असे. त्यांना ते ‘सिब’ म्हणत, लॅटिनमधल्या फुसफुसण्याच्या क्रियापदावरून. आणि जर्मन सैनिकांसाठी जर्मन केंद्र असल्याचं सोंग घेऊन चालवलेली प्रसारणंही होती, त्यातलं ‘गुस्ताव्ह झीगफ्रीड १’ मे १९४१ पासून. हे सगळं आणि बीबीसी एकाच टोपलीत घालू नका. एक उघड बोलत होता, दुसरा मुखवटा घालून.

रेडिओच्या शब्दाने काय घडू शकत होतं याचं स्वच्छ उदाहरण हवं असेल तर सप्टेंबर १९४१ चा वृत्तपत्र बहिष्कार घ्या. लंडनने सांगितलं, १४ ते २१ सप्टेंबर जर्मन नियंत्रणातली वर्तमानपत्रं विकत घेऊ नका. लोकांनी घेतली नाहीत. पेपरचे गठ्ठे टपरीवर पडून राहणं ही कुणालाही दिसणारी गोष्ट होती, म्हणून हा विरोध मोजता येत होता. ऐकल्याचा पुरावा कुणी दिला नाही, बोलल्याचाही नाही, फक्त एक नाणं खिशातच राहिलं. माझ्या मते तुमच्या सहा फलकांतला सर्वांत देखणा फलक हाच होईल: टपरी आणि न विकलेले पेपर. त्यानंतर आठवड्याभरात, २७ सप्टेंबरला, जर्मन राज्यकर्ता म्हणून नेमलेला राइनहार्ड हायड्रिख प्रागमध्ये आला आणि पंतप्रधान अलोइस एलियाश यांना त्याच दिवशी अटक झाली. या दोन घटनांत कार्यकारण जोडू नका, मागचा-पुढचा क्रम तेवढा सांगा.

आता भीतीची अफवा. आपण अफवा म्हटलं की आशेच्या अफवा धरतो: युद्ध नाताळपर्यंत संपणार, रशियन जवळ आलेत. पण जून १९४२ मध्ये सर्वांत जोरात पसरली ती मरणाची. २७ मे ला हायड्रिखवर हल्ला झाला, ४ जूनला तो मेला, १० जूनला लिदित्से गाव नष्ट केलं आणि ते लपवलं नाही, उलट जाहीर केलं. मारलेल्यांची नावं रोज रेडिओवर वाचली जात, लाल पत्रकांवर चिकटवली जात. हल्लेखोरांना धरून द्यायला १८ जूनची मुदत होती आणि एक कोटी कोरुनांचं बक्षीस. मुदत संपली तर दर दहावा चेक माणूस गोळीने उडवणार, अशी आवई घरोघर होती. ती कुणी सोडली हे विचारण्यापेक्षा ती कुणाच्या कामाची होती ते पाहा. राज्यकर्त्यांनी तिला नाकारण्याची घाई केली नाही. रोजची मृतांची यादी तिला खतपाणी घालत होती. जी अफवा खऱ्या घटनेला लागून उगवते ती उपटणं सर्वांत कठीण.

‘व्ही’चंही घ्या. बीबीसीच्या बेल्जियन विभागातून जानेवारी १९४१ मध्ये सुरू झालेलं हे अक्षर, मोर्समध्ये तीन ठिपके एक रेघ, बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या ठोक्यात बसणारं. भिंतींवर खडूने ते उमटू लागल्यावर जुलै १९४१ मध्ये जर्मनांनी ते पुसण्याऐवजी स्वतःचंच म्हणून रंगवायला घेतलं. जर्मन भाषेत विजयाला ‘झीग’ म्हणतात, तरी त्यांनी ‘व्हिक्टोरिया’ शोधून काढलं. आता भिंतीवरचा व्ही कुणाचा, हे बघणाऱ्याला कळेना. प्रतिस्पर्ध्याची खूण गोंधळून टाकणं हे खोडण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरू शकतं.

रेडिओवरून ढोलावर वाजणाऱ्या या चार ठोक्यांबद्दल ध्वनी करणाऱ्याला एक सूचना: शब्द भिंतीत विरतात, पण ढोलाचा खर्जातला ठोका शेजारच्या खोलीत जातो. चोरून ऐकणाऱ्याला बोलण्यापेक्षा त्या चार ठोक्यांची जास्त भीती असणार. रेडिओवर घोंगडी टाकलेली दाखवा आणि भिंतीपलीकडून फक्त चार ठोके ऐकवा.

आणि शेवटी स्रोताची खबरदारी. या अफवा आपल्याला कळतात त्या बऱ्याच अंशी जर्मन सुरक्षा सेवेच्या अहवालांतून. त्यांचे खबरे रांगांत, खानावळींत, कारखान्यांत कान देऊन बसत आणि ‘लोकांची मनःस्थिती’ वर कळवत. तो अहवाल वरिष्ठांना काय आवडेल, कशाने आपलं महत्त्व वाढेल हे बघून लिहिलेला असतो. म्हणून अमुक अफवा ‘सगळ्या देशात’ होती असं लिहू नका, ‘अहवालात नोंदली गेली’ एवढंच लिहा.

---

मीटर_बेचाळीस यांचं उत्तर

एक भर. ठाणे-मुंबईचा प्रेक्षक ‘१९४२, चोरटा रेडिओ’ म्हटलं की उषा मेहतांच्या काँग्रेस रेडिओकडेच जाणार. तो ४२.३४ मीटरवर मुंबईतून बोलत होता, २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत. तो ट्रान्समीटर, चेर्चिल्का रिसीव्हरचा तुकडा. तिथे बोलणारा लपला होता, इथे ऐकणारा. दोन्हींची सरमिसळ टाळायला एक छोटा फलक वेगळा ठेवा. योगायोग असा की वेटोळं यांच्या मापाच्या वेटोळ्यात ४२ मीटर नेमके बसतात.

आणि बनावट ध्वनिफितीबद्दल: लंडनचं वाक्य म्हणून तुम्ही जे रेकॉर्ड कराल त्याला ‘नमुना, मूळ प्रसारण नव्हे’ अशी पाटी लावा, रेडिओच्या शेजारीच, कोपऱ्यात नव्हे.

---

खाडीकाठ_ऐरोली

पहिला फलक असा बदललाय, तपासा: ‘परदेशी प्रसारण ऐकणं गुन्हा, सक्तमजुरी. ऐकलेलं सांगणं मोठा गुन्हा, मृत्युदंडापर्यंत. चिठ्ठीवर मात्र दोन्ही एकत्र.’ चौथं वाक्य पूर्ण काढलं. खुंटीचे तीन अंश आणि घोंगडी मंजूर झाली. एकच अडलंय, आठ मिनिटं संपवायची कुठे? लिदित्सेवर संपवलं तर लोक सुन्न होऊन निघतात आणि रेडिओ विसरतात.

---

जिभेवरचं_मीठ

प्रागच्या रेडिओवरच संपवा. ५ मे १९४५, सकाळी सहा. तोवर केंद्र दोन्ही भाषांत बोलत असे. निवेदक झ्डेनेक मांचाल यांनी वेळ सांगितली: ‘ये प्राव्हे झेक्स होदिन’. वाक्य चेक, आकडा जर्मन, म्हणजे ‘आत्ता वाजलेत झेक्स’. त्यानंतर प्रसारण चेकमध्ये सुरू राहिलं. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी त्याच केंद्राने चेक पोलिस आणि सैन्याला रेडिओच्या इमारतीत मदतीला बोलावलं, कारण आत लढाई जुंपली होती. शहर जर्मनांविरुद्ध उठलं. अमेरिकन येतील ही आशा तेव्हाही कर्णोपकर्णी होती. ते ६ मे ला पश्चिमेकडच्या प्ल्झेन शहरापर्यंत आले आणि थांबले, प्रागमध्ये ९ मे ला सोव्हिएत सैन्य पोचलं.

देखाव्यात असं करा: भोंगा चालू असताना मुलाने खुंटी प्रागवर आणली की भोंगा तुटावा, अर्धा सेकंद शांतता, मग ते एक वाक्य. चेर्चिल्का सॉकेटमधून काढून त्याच्या हातात द्या आणि दिवा बंद करा. पुढची रांग आत घ्यायला तुम्हाला ४० सेकंद मिळतील.